आधी आवाज, मग पेढा

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. दिवाळी म्हणजे माझ्या धंद्यातला सगळ्यात वाईट आठवडा. लोक आकाशकंदील लावायला स्टुलावर चढतात तेव्हा मी कुणाच्या तरी पलंगाखाली आडवी होऊन लॅब्राडोर शोधत असते. नरकचतुर्दशीला पहाटे सगळं नगर अंगाला उटणं लावत असतं आणि माझा फोन सुरू होतो. "बाई, आमचा टॉमी मोरीत जाऊन बसलाय, बाहेर यायला तयार नाही." मी म्हणते, बसू द्या. त्याला मोरीत बरं वाटतंय ना, मग तुम्ही बादली घेऊन अंगणात आंघोळ करा. एका वर्षाने काही बिघडत नाही.

भित्र्या आणि चिडक्या कुत्र्यांना दिवसभर सांभाळायचं आणि जमेल तेवढं शिकवायचं, हा माझा धंदा. सुप्याच्या एमआयडीसीच्या अलीकडे पुणे रस्ता सोडून जरा आत गेलं की एक जुनी पोल्ट्रीची शेड लागते, ती भाड्याने घेतली आहे. आजूबाजूला माळरान, दोन बाभळी आणि वारा. त्याआधी मी नगरला जनावरांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस होते. टेबलावर कुत्रं धरायचं काम माझं. धरून धरून एक गोष्ट कळली. दवाखान्यात चावणारी बहुतेक कुत्री रागीट नसतात, घाबरलेली असतात, आणि घाबरलेल्यावर औषधाची पट्टी चालत नाही.

माझे वडील भिक्षुकी करायचे. गल्लीतलं कुत्रं धोतराला घासून गेलं तर घरी येऊन पुन्हा आंघोळ करणारा माणूस. मी कुत्र्यांची शाळा काढली ते बघायला ते नव्हते, हे एका परीने बरंच झालं. सुप्यात मला 'कुत्रेवाल्या बाई' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता मीच फोनवर तसं सांगते.

लोकांना वाटतं, अशा ठिकाणी कुत्री मोकळी सोडायची आणि ती खेळतात. बालवाडीसारखं. माझ्याकडे कुणी कुणाशी खेळत नाही. प्रत्येकाचा वेगळा खण, मध्ये गोणपाटाचे पडदे, बाहेर हिरवी जाळी. एका वेळी एकच कुत्रं फिरायला बाहेर. फिरून आलं की भुशात सुकट टाकायची आणि त्याला हुंगत बसू द्यायचं. नाकाला काम मिळालं की डोकं शांत होतं. मग झोप. घाबरट कुत्र्याची झोप पुरी होत नाही, कारण ते घरी सतत पहाऱ्यावर असतं. दारावरची घंटा, कुकरची शिट्टी, शेजारची स्कूटर, सगळ्यांची जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे असं त्याला वाटतं.

दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणाऱ्याला शूर समजू नका. तो म्हणत असतो, तू लांब जा, मला भीती वाटते. म्हणून त्याला आधी लांबूनच दुसरं कुत्रं दाखवायचं. किती लांबून? बघूनही खाणं सोडत नाही, इतक्या लांबून. खाणं सोडलं की समजायचं आपण फार जवळ आलो, मागे फिरा. सगळी विद्या एवढीच आहे. ती करायला मात्र महिने जातात आणि लोकांना सोमवारी सोडलेलं कुत्रं शुक्रवारी शहाणं होऊन हवं असतं.

गिऱ्हाईकं एकेक नग. नगरच्या मार्केटयार्डातले एक आडते रॉटवायलर घेऊन आले. कुत्र्याने दुकानातल्या हमालाला फाडलं होतं. काय खायला घालता विचारलं, तर म्हणाले, भाकरीत मिरचीचा ठेचा. कुत्रं तिखट व्हावं म्हणून. त्याच्या पोटात आग पडली होती, बसताना कण्हायचं. मी म्हटलं, "शेठ, आठ दिवस तुम्हीच तो ठेचा खाऊन बघा. तुम्हीपण हमालाला चावाल." मिरची बंद केली, थोडं शिकवलं, कुत्रं माणसात आलं. तर शेठ नाराज. "बाई, हा आता चोरालासुद्धा शेपूट हलवील. माझ्या काय कामाचा?" घेऊन गेले. पुढं त्याचं काय केलं, मी विचारलं नाही.

आणि एक बीगल आहे, राणी. कंपनीतल्या एका साहेबांची. नवराबायको दोघंही कामावर, ही फ्लॅटमध्ये दिवसभर रडायची, सोसायटीने नोटीस काढली म्हणून माझ्याकडे आली. छान सुधारली. मग साहेबांची बदली झाली, तिकडं घर मिळालं की नेतो म्हणाले. अजून माझ्याकडेच आहे. गेटाशी पांढरी गाडी थांबली की उठून बसते. तिला एकटं राहायला मीच शिकवलं होतं, ते असं उपयोगी पडलं.

नवीन माणूस कुत्रं घेऊन आला की मी हल्ली पहिला प्रश्न विचारते, तुमच्या घरापासून ऊस किती लांब आहे? लोकांना वाटतं बाई जमिनीच्या दलालीतही आहेत. हा प्रश्न मी बंड्यानंतर विचारायला लागले. हे लिखाण खरं तर त्याच्याचसाठी आहे, बाकीचं तोंड उघडायला म्हणून लिहिलं.

बंड्या अल्सेशियन आणि गावठी यांची मिसळ. एक कान उभा, एक पडलेला, त्यामुळे चेहरा नेहमी काहीतरी विचारत असल्यासारखा. श्रीगोंद्याकडच्या एका वस्तीवर, कालव्याच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या घरातला. घरात तिघंजण. कल्याणी, तिचा नवरा आणि सासरे आप्पा. नवरा सुप्यातल्या कारखान्यात पाळीवर. सकाळी जाताना बंड्याला गाडीत टाकून माझ्याकडे सोडायचा, परत जाताना न्यायचा. पहिल्या दिवशी कल्याणीही सोबत आली होती. मागच्या सीटवर कुत्र्याला मिठी मारून बसली होती, उतरायलाच तयार नव्हती. दोघांमध्ये जास्त घाबरलेलं कोण, ते मला चटकन कळेना.

झालं होतं असं. आदल्या दिवाळीत फटाके सुरू झाले आणि बंड्याने खिडकीची जाळी फाडून उडी मारली. काही दिवसांनी कालव्याच्या पुलाखाली सापडला, पायाची नखं निघालेली, अंगात थरथर. आप्पा त्याला ओढून काढायला वाकले तर त्यांच्या मनगटाला चावला. आप्पांनी तिथंच निकाल दिला. येत्या दिवाळीत पुन्हा असं झालं तर जामखेडला मेव्हण्याच्या मळ्यावर पाठवायचा, राखणीला, साखळीवर.

"बाई, मी नगरची," कल्याणी मला म्हणाली. "वस्तीवर शेजार म्हणजे ऊस. हे पाळीवर जातात, आल्यावर झोपतात. आप्पा दिवसभर पारावर. सासूबाई नाहीत, मूलबाळ अजून नाही. त्या घरात माझं ऐकून घेणारं एवढं एकच आहे. तो गेला तर मी काय भिंतींशी बोलू?"

मी कुणाला कधी वचन देत नाही. डॉक्टरांकडून शिकलेली एकमेव चांगली सवय. तिला मात्र म्हणाले, राहील तो तुझ्याजवळ.

फटाक्याची भीती घालवायची रीत सोपी आहे. मोबाईलवर फटाक्याचा आवाज लावायचा, इतका बारीक की आपल्याला धड ऐकू येऊ नये. आवाज झाला की लगेच खाऊ. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात. आधी खाऊ दाखवला आणि मग आवाज झाला, तर कुत्रं खाऊलाच भ्यायला लागतं. क्रम बरोबर ठेवून आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. दुसरा नियम जागेचा. खाऊ एका ठरावीक सतरंजीवरच मिळेल. म्हणजे धडाम झालं की कुत्र्याने पळत आपल्या सतरंजीवर यायचं. घरात, भिंतीच्या कोपऱ्यात, आपल्या माणसाजवळ.

गुढीपाडव्यानंतर सुरुवात केली, ती दसऱ्यापर्यंत चालली. कल्याणीने घरी जे केलं तसं करणारी बाई मी पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सतरंजी टाकली. भाकरी थापता थापता मोबाईल वाजवायची, पिठाच्या हाताने तुकडा द्यायची. आप्पा आधी चेष्टा करायचे. "कुत्र्याला शिकवनी? आमच्या पोराला पन न्हवती."

हे आप्पा पूर्वी साखर कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड मिळणार, हे ज्यांच्या सांगण्यावर ठरतं ते. गावाने इतकी वर्षं मागे-पुढे केल्यामुळे त्यांना प्रेक्षक लागत. निवृत्तीनंतर तेवढीच एक अडचण होती. वाईट माणूस नव्हे. गळ्यात माळ, घरात अंडं शिजत नाही, बोलणं गोड.

दसऱ्याच्या आसपास ते स्वतः कल्याणीला घेऊन शेडवर बघायला आले. मी मागच्या बाजूला लवंगी फटाक्यांची एक लड लावली. बंड्याने एक कान टवकारला, पळत सतरंजीवर आला आणि कल्याणीकडे बघत शेपूट आपटायला लागला. आप्पा मनगटावरचा चावल्याचा व्रण चोळत म्हणाले, "म्याडम, लई झाक काम केलं तुमी." त्या दिवसापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेढा असायला लागला. मी खाऊ म्हणून उकडलेलं अंडं सांगते, ते त्यांच्याकडे चालत नाही म्हणून पेढा. चिमूटभरच द्या म्हणून मी परवानगी दिली. बंड्या त्यांच्या खिशामागे फिरायला लागला आणि जामखेडचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. कल्याणीने मला पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. मीही त्या दिवशी जरा ताठ मानेने फिरले, खोटं कशाला सांगू.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कल्याणीने व्हिडिओ पाठवला. अंगणात वस्तीवरची माणसं गोल करून उभी. मध्ये आप्पा, नवा सदरा, हातात उदबत्ती. सुतळी बॉम्ब लावला, मागे सरले. धडाम. आणि बंड्या घरातून पळत आला तो सतरंजीवर नाही, थेट धुराकडे. आप्पांनी खिशातून पेढा काढून भरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा बॉम्ब, पुन्हा पेढा. कुणीतरी म्हणत होतं, "आप्पा, वाघ हाय वाघ तुमचा."

मी लगेच फोन केला. "आप्पा, खाऊ घरात. सतरंजीवर. आवाजाच्या जागेवर द्यायचा नाही."

"अवो, धाडस वाढतंय त्याचं."

"धाडस नाही ते. त्याला पेढा कळतो, बॉम्ब कळत नाही. डोळ्यात ठिणगी गेली तर काय कराल?"

"व्हय, व्हय. आता न्हाई करत."

मी ठिणगीचं बोलले. माझ्या शेडभोवती माळ आहे, माझ्या डोक्यात ठिणगीच आली. ऊस आला नाही. आप्पांनी तुळशीच्या लग्नाला पुन्हा तोच खेळ करून दाखवला, असं पुढे कळलं. पाहुण्यांना पाहायचा होता म्हणे.

आता उसाचं सांगते. त्या भागात उसात बिबट्या असतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उंच ऊस, आत गारवा, जवळ पाणी. मादी पिल्लंही उसातच घालते. हंगाम सुरू झाला, जामखेडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन आल्या, की तोड सुरू करण्याआधी फडाच्या कडेला फटाके वाजवतात. आवाजाने जनावराने दुसऱ्या बाजूने निघून जावं आणि मग माणसांनी आत शिरावं. वस्तीवरची कुत्री एवढ्यात कुठं कुठं दडून बसतात. पहिला बार झाला की एकही दिसत नाही. भीती त्यांना तेवढं सांगते.

तुळशीच्या लग्नानंतर आप्पांच्या फडाची पाळी आली. बांधावर पंजे दिसले होते. टोळीचा मुकादम म्हणाला, बार काढल्याबिगर बाया आत जायच्या न्हाईत. आप्पांनी घरातले उरलेले सुतळी बॉम्ब आणून दिले.

त्या दिवशी बंड्या माझ्याकडे नव्हता. नवऱ्याची सुट्टी होती, म्हणून घरीच. दुपारी कल्याणीचा फोन आला. "बाई, बंड्या गेला," एवढंच म्हणाली. मला वाटलं, पळून गेला. मी विचारत राहिले, कुठल्या बाजूला गेला, पुलाखाली बघितलं का.  मग तिच्या नवऱ्याने फोन घेतला आणि सांगितलं, बिबट्याने नेला.

दुसऱ्या दिवशी मी गेले. वस्तीच्या वळणावरच फ्लेक्स लागला होता. बंड्याचा फोटो, त्याच लक्ष्मीपूजनाच्या व्हिडिओतला. 'गावासाठी प्राण देणाऱ्या शूर बंड्यास भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली गॉगल लावलेल्या तरुण मंडळींचे फोटो, आणि त्यांच्या शेजारी आप्पा. मी गाडी थांबवून पुन्हा एकदा वाचलं. 

अंगणात टोळीतल्या एक बाई बसल्या होत्या, भामाबाई. जामखेडच्या. मांडीवर नातू. त्या माझे हात धरून सांगायला लागल्या. "बाई, त्या कुत्र्यानं आमची लेकरं वाचीवली बगा. पाचटाची कोपी बांधावरच हाय आमची, लेकरं तितंच निजत्यात. आत मादी हुती, पिल्लं घेऊन. ह्यो बहादर नीट आत घुसला. एकदा केकाटल्याचं आयकू आलं, मग काईच न्हाई. मादी त्येला घिऊन पल्याड निघून गेली. लढला वो. कुत्रं असावं तर असं." नातवाला त्या कुत्र्याचंच नाव ठेवतात की काय, इतक्या त्या भारावल्या होत्या. त्यांना मी काय सांगणार.

कल्याणी स्वयंपाकघरात होती. सतरंजी धुऊन दोरीवर टाकली होती. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "सगळे म्हणतात लढायला गेला. बाई, मी दारातून बघितला ना त्याला पळताना. शेपूट वर होती. हलत होती."

"आप्पांशी बोलतेस का?"

"ताट वाढते," ती म्हणाली.

आप्पा मला फड दाखवायला घेऊन गेले. दाखवायचं काय, ऊस तोडून झाला होता, नुसतं वाळक्या पानांचं पाचट पडलेलं. त्या रिकाम्या वावरात इतका मोठा आसरा होता हे खरंसुद्धा वाटेना. वाटेत भेटणारे लोक आप्पांना रामराम करत होते, कुत्र्याचं नाव काढत होते. आप्पा मान हलवत होते. आयुष्यभर प्रेक्षक आवडलेला माणूस, पण त्या दिवशी लोक दिसले की त्यांची पावलं भरभर पडत होती. बांधावर कुणी नाही असं बघून ते थांबले.

"म्याडम, तुमाला कुत्र्यातलं कळतं. खरं सांगा. त्यो लढाया गेला न्हवता ना?"

म्हातारा माणूस. गावाने त्यांना एक गोष्ट दिली होती, तीच मीही दिली असती तर काय बिघडत होतं? पण मला ते जमलं नाही.

"नाही, आप्पा."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. खाली बसले.  मग बोलायला लागले ते माझ्याकडे न बघताच. "पयला बार मीच लावला. त्यो घरातनं पळत आला, आन् आधी माझ्याकडंच आला. उजव्या हाताला नाक लावलं. मग डाव्या हाताला. मग खिसा हुंगला. अंगात शेतातला सदरा हुता, त्यात काय न्हवतं. माझ्या तोंडाकडं बघितलं त्यानं, कान असा करून. मी म्हनलं, जा घरी. तेवढ्यात मुकादमानं दुसरा बार आत फडात टाकला." आप्पांनी हाताचा तळवा उघडून बघितला. "त्याला वाटलं असंल, पेढा तिकडं हाय."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसले. त्यांना रडू आलं नाही, मला आलं. काही वेळाने ते म्हणाले, "घरी सांगितलं न्हाई म्या. सूनबाईला कसं सांगू?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा, दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही. त्यांनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. फ्लेक्स मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावला, असं तिच्या नवऱ्याने नंतर सांगितलं. पोरं चिडली होती म्हणे.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा कल्याणी गाडीपर्यंत आली. काच खाली केली तर खिडकीला धरून उभी राहिली, सोडेचना. मला वाटलं, रागावणार. मी त्याच्यासाठीही तयार होते.

"बाई," ती म्हणाली, "आत शिरताना त्याला भीती वाटली असेल का हो?"

"नाही," मी म्हणाले. तेवढी शिकवणी आमची पक्की झाली होती.